मुरिल्लोचीं दयेचीं चित्रें

मी चित्रकलेचा जाणकार नव्हे. आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें, आणि पाश्चात्य चित्रांशीं परिचय झाला तो पुस्तकांतील छापील प्रतींवरूनच. तरीहि स्पेन देशांतील एका चित्रकाराविषयीं आज चार शब्द सांगणार आहें. कारण त्याच्या चित्रांची कथा जितकी रंगांची, तितकीच दयेची व लुटीचीहि आहे.

बार्तोलोमे एस्तेबान मुरिल्लो हा सेव्हिल शहराचा रहिवासी. त्याचा बाप्तिस्मा १ जानेवारी १६१८ रोजीं झाला. अमेरिकेंतून येणाऱ्या सोन्यारुप्याच्या गलबतांमुळें सेव्हिल एके काळीं धनाढ्य होतें. पण १६४९ च्या प्लेगनें तेथील जवळजवळ निम्मी वस्ती नाहींशी केली. या शहरांत 'कारिदाद', म्हणजे दया, या नांवाचें एक बंधुमंडळ होतें. नदींत बुडालेल्यांचीं व फांशीं गेलेल्यांचीं बेवारशी प्रेतें पुरणें, हें त्याचें मूळ काम. १६६३ मध्यें मिगेल मान्यारा हा श्रीमंत गृहस्थ मंडळाचा प्रमुख झाला. दोन वर्षांपूर्वींच त्याची पत्नी वारली होती, व संसारावरून त्याचें मन उडालें होतें. त्यानें निराधार रोग्यांसाठीं इस्पितळ उभारलें. मुरिल्लो १६६५ मध्यें या मंडळाचा सभासद झाला.

भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, पांथस्थास आसरा, रोग्याची विचारपूस, बंदिवानाची सुटका आणि मृतास मूठमाती, हीं ख्रिस्ती धर्मांतील दयेचीं सात कृत्यें. तीं इस्पितळाच्या चर्चमध्यें डोळ्यांपुढें असावीं, अशी योजना ठरली. सातवें कृत्य पेद्रो रोल्दान या शिल्पकारानें मुख्य वेदीवर कोरलें. बाकीचीं सहा मुरिल्लोनें १६६७ ते १६७० च्या सुमारास तैलरंगांत रंगविलीं. खडकांतून पाणी काढणारा मोशे, पांच हजारांना जेवूं घालणारा येशू, परतलेल्या उधळ्या पुत्राला नवीं वस्त्रें देणारा बाप, तीन देवदूतांचें आतिथ्य करणारा अब्राहाम, बेथेस्दाच्या तळ्याकाठचा पांगळा आणि तुरुंगांतून सुटणारा पेत्र, हे त्यांतील विषय.

याखेरीज त्यानें तेथें दोन संतांचीं चित्रें काढलीं. त्यांपैकीं हंगेरीच्या एलिझाबेथचें चित्र मला सर्वांत मोलाचें वाटतें. मुरिल्लोवर फाजील गोडव्याचा आरोप नेहमीं होतो, आणि त्याच्या कांहीं मेरींकडे पाहतां तो अगदींच खोटा म्हणवत नाहीं. पण येथें राजकन्या खवडे झालेल्या मुलाचें डोकें आपल्या हातांनीं धूत आहे. चांदीचें घंगाळ आहे, रेशमी वस्त्रें आहेत, आणि त्यांच्या शेजारींच पायाच्या जखमेची पट्टी सोडणारा एक रोगी बसला आहे. मंडळाच्या श्रीमंत बंधूंनाहि रोग्यांची सेवा स्वहस्तें करावी लागे. त्यांना हें चित्र शोभेसाठीं नव्हतें. तो रोजचा पाठ होता.

पुढें १८१० मध्यें नेपोलियनचें सैन्य सेव्हिलमध्यें शिरलें. सेनापति सूल्त याला चित्रांची मोठी हांव. सहांपैकीं चार चित्रें त्यानें फ्रान्सला नेलीं. मोशे व पांच हजारांचें भोजन हीं दोन अतिविशाल चित्रें तेवढीं भिंतीवर राहिलीं. एलिझाबेथचें चित्रहि पॅरिसला गेलें. तें नेपोलियनच्या पाडावानंतर स्पेनला परत मिळालें खरें, पण माद्रिदमध्येंच अडकून पडलें, आणि सेव्हिलला पोहोंचावयास १९३९ साल उजाडलें. सूल्तनें नेलेलीं चार मात्र हस्तेपरहस्तें विकलीं गेलीं. आज पेत्र रशियांतील हर्मिटाज संग्रहालयांत आहे, उधळ्या पुत्र वॉशिंग्टनला, अब्राहाम कॅनडांतील ओटावा येथें, आणि १९५० पासून बेथेस्दाचा पांगळा लंडनच्या नॅशनल गॅलरींत.

संग्रहालयांनीं हीं चित्रें उत्तम जतन केलीं आहेत, हें कबूल केलें पाहिजे. परंतु उधळ्या पुत्राचें चित्र एकटें पाहणाऱ्यास तें बापलेकांच्या भेटीचें वाटतें. उघड्याला वस्त्र द्यावें, ही त्यांतील आज्ञा शेजारच्या पांच चित्रांवांचून ऐकूं येत नाहीं. सेव्हिलच्या चर्चमध्यें त्या चार रिकाम्या जागीं एकविसाव्या शतकांत प्रतिकृति बसविल्या गेल्या. इस्पितळ अजून चालू आहे. तेथें गरीब वृद्धांना आसरा मिळतो.