फादर स्टीफन्स यांची ओवी



आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानिली जाते; येथे ओवी कोणास परकी नाही. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, मराठी शिकले आणि त्याच ओवीत त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचिले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रोमी लिपीत छापिला गेला. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढिला; तथापि भाविकांनी हाताने नकला उतरून तो जगविला, म्हणूनच १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापिता आला. परदेशी धर्मगुरूने आपली मानिलेली भाषा आम्ही घरच्या प्रार्थनेतून घालवावी काय? सायंप्रार्थनेनंतर रोज एक ओवी मुलांकडून म्हणवून घ्यावी, हीच आमची विनंती.