उरलेलं सगळ्यांनी वाटून खावं, तोच काला

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, द्वादशीच्या पंगतीनंतर केलेलं भाषण)



ज्ञानाच्या गोष्टी सांगायला इथं थोर मंडळी बसली आहेत. मी दिंडीच्या चुलीपाशी वावरलेली बाई. मला बोला म्हटलं, तर मी स्वयंपाकातलंच बोलणार. आपण आत्ताच बारस सोडली, पोटं भरलेली आहेत, तेव्हा जेवणाचं बोलणं गोड लागेल.

आपल्या पंथात काल्याशिवाय काही पुरं होत नाही. सप्ताह बसला, तर काल्याचं कीर्तन झाल्यावरच उठतो. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि मगच पालख्या परतीला लागतात. या काल्यात असतं तरी काय? ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मिरची, लोणच्याची फोड. पक्वान्न एकही नाही. गोकुळात गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाची ताजी, कुणाची आदल्या रातीची. कुणाकडं दही, कुणाकडं नुसती कोरडी भाकर. देवानं ते सगळं कालवलं आणि घास घास वाटला. एकदा कालवल्यावर कुणाची शिदोरी कोणती, हे ओळखायची सोयच उरली नाही. देवही त्यातलंच जेवला.

आता हा काला आपल्या घरात शिरलाय का, ते बघू.

दिवाळी येते, पोळा येतो, गावची जत्रा येते. पोरं पुण्या-मुंबईहून येतात, लेकी माहेराला येतात. पुरणावरणाचा स्वयंपाक होतो. पंगतीवर पंगती उठतात, पाहुणे ओसरीवर सुपारी कातरत बसतात. मागं काय राहतं? टोपलीत सात-आठ पोळ्या, पातेल्याच्या बुडाला कटाची आमटी, परातीत भात. हे कोण खातं, सांगा बघू? घरची बाई खाते. रात्री तीच, दुसऱ्या दिवशी सकाळीही तीच. बाकीच्यांना तव्यावरचं गरम. विचारलं तर म्हणते, ‘मला चालतं.’ चालतं, हे खरं. पण तिलाच का चालावं, हे कुणी विचारत नाही.

द्रौपदीची कथा तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. सूर्यनारायणानं दिलेली थाळी. द्रौपदी जेवेपर्यंत त्यातलं अन्न सरायचं नाही. ती जेवली की थाळी रिकामी. म्हणजे सगळ्या वनात सगळ्यांत शेवटी जेवणारी तीच. दुर्वास ऋषी शिष्यांचा मेळा घेऊन आले, तेव्हा थाळीला भाजीचं एक पान चिकटलेलं होतं. देवानं ते मागून घेतलं आणि खाल्लं. तिकडं नदीवर ऋषींची पोटं भरली. कीर्तनात आपण यातला चमत्कार ऐकतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शेवटच्या जेवणारीकडं जे उरलं होतं, ते देवानं आपण होऊन मागितलं. ‘ते तू खा, मला ताजं वाढ,’ असं देव म्हणाला नाही. मग आपण कोण लागून गेलो?

आमच्या भागात जुन्या घरांतून एक रीत होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवा स्वयंपाक करायचा नाही. उरलेल्या भाकरी मोठ्या परातीत कुस्करायच्या, वर कांदा-मिरचीची फोडणी, मूठभर शेंगदाण्याचं कूट, आणि सगळ्या घरानं परातीभोवती बसायचं. सासऱ्यानं, लेकानं, सुनेनं, नातवंडांनी. बांधावरून वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊ मी अशा परातीला बसलेले पाहिलेत. ‘लोणचं सरकव जरा,’ एवढंच बोलणं झालं. बांधाचं भांडण त्यानं मिटलं, असं मी म्हणत नाही. मोजणीचा अर्ज तसाच राहिला. पण तोंडं उघडली. आदल्या दिवशीच्या पुरणपोळीच्या पंगतीत दोघं दोन टोकांना बसले होते. जवळ आणलं ते शिळ्या भाकरीनं.

आता कामाचं सांगते. उरलेल्याचं चांगलं करायला फार काही लागत नाही. शिळी पोळी कुस्करून गूळ-तूप घाला, लाडू वळा. पोरं मागून मागून खातात. वरण उरलं तर पाणी, चिंच-गूळ वाढवा, कणकेच्या चकोल्या करून त्यात शिजवा. चार माणसांच्या वरणात आठ जेवतात. भाताला फोडणी द्या. एकादशीची भगर उरली तर उकडलेला बटाटा, मिरची, कूट घालून तिची थालीपिठं लावा. कटाची आमटी तर दुसऱ्या दिवशीच खरी मुरते, फक्त रात्री एक उकळी द्यायला विसरू नका. आणि ही आमटी तरी कुठून आली? पुरणाची डाळ निथळल्यावर राहिलेलं पाणी आपल्या आज्यांनी ओतून दिलं नाही, म्हणून आली.

पण बायांनो, शिळं आणि नासलेलं यात फरक आहे. आषाढात हवा दमट. गरम भात झाकून ठेवला की आंबतो. तो परातीत पसरून गार करायचा, लवकर संपवायचा. कालच्या आमटीत आजची आमटी ओतायची नाही. एक नासली की दोन्ही जातात. वास आला, तार सुटली, तर मोह करायचा नाही. आणि जे आपल्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, ते वारकऱ्याच्या किंवा दारच्या भुकेल्याच्या ताटात वाढायचं नाही. तसलं दान देवाला पोचत नाही.

दिंडीत आपण काय करतो? संध्याकाळी माणसं मोजतो, माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरतो, आणि दुसरा घाणा पंगत बसल्यावर गरज बघून चढवतो. तरी उरतंच. मग वाढणारे, आचारी, पाणक्ये आणि विणेकरी महाराज एकाच पंगतीला बसतात आणि उरलेलं सगळ्यांच्या पानात सारखं पडतं. शंभर वर्षांच्या दिंडीत हे जमतं, तर चार माणसांच्या घरात का जमू नये?

म्हणून माझं मागणं एवढंच. शताब्दीची आठवण म्हणून मोठा संकल्प नको. गावाकडं परत गेल्यावर सणाच्या दुसऱ्या दिवशी टोपलीतलं उरलेलं आधी पुरुषांनी आपल्या हातानं वाढायला घ्यावं. घरातल्या प्रत्येकाच्या पानात त्यातला वाटा पडावा, आणि घरची बाई त्याच पंगतीला बसावी. एकटीनं खाल्लं तर ते शिळं. सगळ्यांनी मिळून खाल्लं तर तो काला, आणि काला म्हटला की तिथं पांडुरंग जेवायला येतोच.

चुकलं-माकलं पदरात घ्या.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!