महाजन बंधूंची सायकल-दौड



आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांचे नाव बीड जिल्ह्यातील शाळांना आता नवे राहिलेले नाही. वाहनाची सोय नसल्यामुळे शाळेचे सहा किलोमीटरांचे अंतर हा मुलगा कधी चालत तर कधी धावत काटीत असे. पुढे लष्करात गेल्यावर त्या धावण्याला वळण लागले, आणि २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांश भागाने! ही हकीकत मुले उत्सुकतेने ऐकतात. परंतु ज्याला पुढे शेती, दुकान वा नोकरी करून पोट भरावयाचे आहे, त्याचा असल्या पराक्रमाशी काय संबंध, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला सांगण्याजोगी गोष्ट नाशिकच्या दोन डॉक्टरांची आहे.

डॉ. हितेंद्र महाजन हे भूलतज्ज्ञ, तर त्यांचे बंधू डॉ. महेंद्र महाजन हे दंतवैद्य. सायकल हा दोघांचा व्यवसाय नव्हे. रुग्णसेवा सांभाळून जोपासलेला तो छंद होता. जून २०१५ मध्ये या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. भारतीय संघाने ती पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ. कॅलिफोर्नियातील ओशनसाईड या समुद्रकाठच्या गावी आरंभ आणि खंडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील अॅनापोलिस येथे शेवट, असा तेव्हाचा हा सुमारे ४,८०० किलोमीटरांचा मार्ग बारा राज्यांतून जात होता. आरंभी डोंगर उतरताच वाळवंटाची भट्टी लागते. पुढे कोलोरॅडोत तीन हजार तीनशे मीटरांच्या आसपास उंचीची खिंड ओलांडावी लागते. त्यानंतर कॅन्ससची सपाटी येते. नकाशावर हा भाग सर्वांत सोपा दिसतो; पण आडव्या वाऱ्यापुढे तेथे स्वाराची शक्ती झिजते, आणि उतार नसल्यामुळे पाय स्थिर ठेवून क्षणभर विसावा घेण्याचीही सोय नसते. सगळे चढ एकत्र मोजले तर सुमारे बावन्न हजार मीटर भरतात, म्हणजे जवळजवळ सहा एव्हरेस्ट.

या शर्यतीचे घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत थांबत नाही. जेवण, झोप, दुरुस्ती, सारे त्याच वेळात बसवावयाचे. सांघिक गटाला मुदत नऊ दिवसांची, म्हणजे २१६ तासांची. महाजन बंधूंना लागले ८ दिवस १४ तास ५५ मिनिटे. वजाबाकी केली तर शिल्लक उरते ९ तास ५ मिनिटे. एवढ्या लांबच्या वाटेवर ही शिल्लक फार नव्हे. एक आजारपण किंवा वाऱ्याचे दोन वाईट दिवस ती सहज गिळून टाकतील.

सरासरी वेग काढला तर ताशी सुमारे तेवीस किलोमीटर येतो. ऐकताना हा आकडा मोठा वाटत नाही. गावातला कोणताही धट्टाकट्टा मुलगा उतारावर याहून जोरात जातो. पण बीडहून निघून घाट चढून तासाभरात मांजरसुंब्याच्या पुढे जावयाचे, आणि हाच क्रम रात्र असो वा दुपार, लागोपाठ २०६ तास चालवावयाचा, असे सांगितले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

हे साधले कसे? एक भाऊ सायकलीवर, तर दुसरा मागच्या वा पुढच्या गाडीत विसावलेला. मागून येणाऱ्या स्वाराचे पुढचे चाक पुढील स्वाराच्या मागच्या चाकाच्या बरोबरीस आले की पाळी बदलते. रात्री मात्र नियमाप्रमाणे पहिल्याला थांबावे लागते, मगच दुसरा निघतो; शिवाय अंधारात मागे दिवे लावलेली गाडी सतत असावी लागते. अशा शर्यतीत अंगातील सर्व बळ संपेपर्यंत पाय मारणे हा शहाणपणा नव्हे. जो आपल्या पाळीत स्वतःला पार रिता करतो, तो पुढच्या पाळीला हळू होतो आणि त्याचा भार भावावर पडतो. म्हणून जोर शिल्लक असतानाच उतरावयाचे आणि झोप येत नसली तरी आडवे व्हावयाचे. उत्साही माणसाला पाय मारण्यापेक्षा हेच अधिक कठीण जाते. मैदानावर मुलांना आपण ‘जोर लावा’ एवढेच ओरडून सांगतो. ‘आता उतर’ हे सांगण्याची आठवण फारशी राहत नाही.

अशा लांब पल्ल्यात शरीर कोठे हार खाईल याचा नेम नसतो. बैठकीच्या जागी जखमा होतात आणि झोपेअभावी नसलेल्या वस्तू रस्त्यावर दिसू लागतात. मानेचे स्नायू निकामी होऊन डोके उचलताच येत नाही, या विकाराला तर १९८२ सालच्या पहिल्या शर्यतीतील चार स्पर्धकांपैकी मायकेल शर्मर यांचेच नाव पडले आहे.

एकट्याने हे अंतर कापणाऱ्याला पाळी बदलण्याची सोयच नसते. लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांना २०१६ साली शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती. २०१७ साली ते पुन्हा गेले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोहोचले. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या पाठोपाठ ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ आले. दोघांनाही मुदत बारा दिवसांची होती.

हे आकडे पाचवीच्या फळ्यावर लिहून द्यावेत. दोघांत अंतर किती मिनिटांचे? मुदतीत प्रत्येकाची शिल्लक किती? तास-मिनिटांच्या वजाबाकीत साठाचा हातचा घेताना मुले हमखास चुकतात; तेथे ती शंभराचा घेतात. घंटा झाल्यावर मुलांना शाळेबाहेर उभ्या असलेल्या सायकलींजवळ न्यावे. पुढच्या चक्राचे दाते किती, मागच्याचे किती, ते बोट ठेवून मोजावेत. पायट्याचा एक फेरा झाला की मागचे चाक किती वेळा फिरते, आणि त्यात सायकल किती पुढे सरकते, हे मैदानावर चुन्याची खूण करून पाहावे.