ऐपतीचा दाखला

टिटवाळ्यात बोलायला उभं राहायचं तर आधी महागणपतीला नमस्कार. इथून लोकलने तिसरं स्थानक कल्याण. तिथल्या आधारवाडी तुरुंगाच्या फाटकाबाहेर कैद्याच्या मुलाखतीसाठी थांबणाऱ्या घरच्यांबद्दल आज बोलणार आहे. मराठी साहित्याला तुरुंग नवा नाही. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं झाली, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. हे सारं आतून आलेलं. बाहेर राहिलेल्यांनीही सोसलं. टिळक मंडालेत असताना १९१२ साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, बाबाराव सावरकर अंदमानात असताना १९१९ साली त्यांच्या पत्नी येसूवहिनी गेल्या. त्यांची नावं आपण आदराने घेतो, आणि घ्यायलाच हवीत. पण चोरीच्या आरोपाखाली आत गेलेल्याच्या बायकोचंही घर कमावत्या माणसावाचूनच चालतं. तिच्या वाट्याला आदर नाही, शेजाऱ्यांची कुजबुज येते. आणि आपल्या कथा-कादंबऱ्यांत तर ती अपवादानेच येते.

तिची बाजू मांडली की ‘गुन्हा करताना घरचे आठवले नाहीत का?’ हा प्रश्न ठरलेला. त्यात गुन्हा सिद्ध झाल्याचं गृहीत धरलेलं असतं. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. त्यांचा निकाल लागायचा होता, घरच्यांची झळ मात्र अटकेच्या दिवसापासून सुरू झालेली. रोजंदारी बंद, भाडं थकलेलं, वकिलाची फी उसनवारीची, आणि तारखेला कोर्टात जायचं तर बायकोचाही खाडा. जामीन मंजूर झाला तरी हमीदार हवा, त्याचा ऐपतीचा दाखला हवा. मांडा-टिटवाळ्याच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्याचे नातेवाईकही बहुधा भाड्यानेच राहतात. सातबारा नाही, घरपट्टीची पावती मालकाच्या नावाची. मग जामिनाचा कागद हातात असूनही माणूस आतच.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९७८ सालीच ओळखलं होतं. मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात कोठडीचा भार निरपराध कुटुंबावर पडतो हे नोंदवलं. हमी सैल केली तर आरोपी पळतील, ही शंका रास्त आहे. पण माणूस तारखेला परत येतो तो कशामुळे? घर, काम, मुलंबाळं इथे असतात म्हणून. कुटुंब हाच खरा जामीन. आणि लांबलेली कच्ची कैद नेमका तोच मोडते. खोली सुटली, बायको माहेरी गेली, मुलगा शाळा सोडून हॉटेलात लागला, की सुटलेल्या माणसाला परत यायला ठिकाण उरत नाही.

सरकारलाही हे अगदीच उमगलेलं नाही असं नाही. १ मे २०२२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली. कैद्याला तुरुंगातल्या मजुरीच्या भरवशावर ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, ते घरी उपयोगी पडावं म्हणून. चांगलीच गोष्ट. पण कामाची सक्ती शिक्षा झालेल्याला असते. कच्च्या कैद्याला बहुधा कामही नाही आणि मजुरीही नाही. ज्याचा दोष ठरलेला नाही त्याचंच घर योजनेबाहेर! २०२३ पासून गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची मदत आहे, आणि नव्या फौजदारी संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीला, गंभीर गुन्हे वगळता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढल्यावर सुटका मिळू शकते. हे घरच्यांना कोण सांगणार, हा प्रश्न उरतोच.

सगळ्यांत जड आक्षेप पीडिताच्या घराचा. आधी त्यांचं बघा, असं कुणी म्हणालं तर त्याचं बरोबर आहे. बलात्कार आणि ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. ती अपुरी वाटत असेल तर वाढवावी, बाकीच्या पीडितांसाठीही मागावी. पण आरोपीच्या मुलाचं नाव शाळेच्या पटावरून गेल्याने पीडिताच्या घरात काहीच येत नाही. उद्या गुन्हा शाबीत होऊन नुकसानभरपाई ठरली, तर तीही कुणीतरी कमावत असलेल्या घरातूनच वसूल व्हायची आहे.