वसतिगृहातले विद्यार्थी आणि आपला विहार
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



समितीने मला 'विद्यार्थी आणि नेतृत्व' हा विषय दिला. नेतृत्व म्हटलं की आपल्याला स्टेज, माईक आणि हार आठवतो. मी मात्र वसतिगृहाच्या मेसबद्दल बोलणार आहे.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. कॉलेज काढण्याच्या कितीतरी आधी वसतिगृह, हे लक्षात घ्या. पुढे १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. खेड्यापाड्यांतली मुले नागसेनवनात राहायला आली. तिथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९६७ साली डॉ. म. ना. वानखेडे, प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने तिथूनच 'अस्मिता' निघाले. तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. एका छताखाली राहून रात्र-रात्र वाद घालणारी पोरं नसती, तर नुसत्या वर्गातल्या तासांतून हे घडले असते, असे मला वाटत नाही.

आता मेस. मुलांनी चालवलेल्या मेसमध्ये सेक्रेटरी दर महिन्याला बदलतो. किराणा आणायचा, आचाऱ्याचा पगार द्यायचा, कुणाचे किती खाडे ते वहीत लिहायचे आणि महिनाअखेरीस सगळ्यांसमोर हिशेब वाचायचा. आमटी पातळ झाली की पहिली शिवी सेक्रेटरीला! ज्याच्याशी काल भांडण झाले, त्याच्याच पंक्तीला आज जेवायचे असते. गरिबाघरचा पोरगा इथे पहिल्यांदा चारचौघांचा पैसा हाताळतो, आणि 'दाखव पावती' म्हणायलाही इथेच शिकतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. मग निवडून येण्याची आणि हरण्याची सवय लागायची कुठे? भिक्खूसंघात सभेचे नियम होते, मतदानही होते, याची आठवण बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत करून दिली होती.

सरकारी वसतिगृहात जागा थोड्या. ज्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. योजना चांगलीच आहे, ती बुडता कामा नये. पण त्या पैशात खोली मिळते, डबा मिळतो; सोबत मिळत नाही. आपल्या वस्तीत भाड्याने राहणारी अशी मुलंमुली आहेत. घरून पैसे आले नाहीत, पेपर अवघड गेला, तर ती कोणाला सांगतात? शेजारच्या खोलीतल्या मुलाचं नावही त्यांना ठाऊक नसतं.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. रविवारी दुपारी हा हॉल रिकामाच असतो. तो या मुलांना द्या. महिन्यातून एक जेवण त्यांनी स्वतः करावे, वर्गणीही त्यांनीच जमवावी. विहाराच्या ग्रंथालयाची वही आणि किल्ली त्यांच्याकडे सोपवा, सेक्रेटरी दर महिन्याला बदला. मुलींची पाळी आली की फक्त पोळ्या नकोत, हिशेबाची वहीसुद्धा त्यांच्या हातात द्या. आणि आपण मोठ्यांनी, मी धरून, मागे बसावे. विचारल्याशिवाय बोलू नये. हे आपल्याला जड जाणार, कारण माईक सोडायची आपल्याला सवय नाही.

मुले सुरुवातीला चुकतील, दहा-वीस रुपयांचा घोळ होईल. तेवढा समितीने सोसावा. पहिल्या जेवणाचे तांदूळ माझ्याकडून.