अंगणातल्या कोंबड्या आणि नवं पिल्लू

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दारोदारी कोंबड्या हिंडतात; रानमांजराच्या धास्तीने राखणीला कुत्रंही हवंच. पण लहान चणीचं कुत्रं म्हणजे गरीब, असं समजू नका. बुटका डॅशहुंड जर्मनीत मुळात बिळातल्या जनावरांच्या शिकारीसाठीच जोपासला गेला. त्यापेक्षा कोंबड्यांतच वाढलेल्या गावठी कुत्रीचं दोन महिन्यांचं पिल्लू बघा. कोंबडी फडफडली की अंग ताठ करून, टक लावून दबकतं का? मग ते नको. एकदा बघून निवांत आळस देणारं घ्या. पहिले काही महिने दोरी हातात धरूनच त्याला कोंबड्यांजवळ बसवा. फुटकं अंडं चाटू देऊ नका, ती चटक लवकर सुटत नाही. आणि तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या.