अनोळखी क्रमांकाची पारख
(केंद्र संमेलनात शिक्षकांपुढे झालेले भाषण)



खेड्यात अनोळखी मनुष्य आला म्हणजे पारावर बसलेली मंडळी त्याला हटकून विचारीत, "पाहुणे, कोण गावचे? कोणाकडे आलात?" उत्तर मिळाले तरी तेवढ्यावर कोणी थांबत नसे. पाहुण्याने ज्याचे नाव सांगितले त्याच्या घरी एखादे पोर पिटाळून खरेखोटे केले जाई, आणि त्यात कोणास अपमान वाटत नसे. आज तोच अनोळखी मनुष्य मोबाईलच्या वाटेने थेट कानाशी येतो. पारावरची ती चौकशी मात्र मागे राहिली आहे.

बहुतेकांची चौकशी पडद्यावरील क्रमांकापाशीच संपते. क्रमांकावरून काहीच कळत नाही असे नाही. भारतातील मोबाईल क्रमांक दहा अंकी असून तो ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतो. जाहिरातींच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारी मालिका आहे, आणि सेवा व व्यवहारविषयक कॉलसाठी दूरसंचार विभागाने २०२४ साली १६० ने सुरू होणारी वेगळी मालिका ठरवून दिली. प्रारंभी ९१ हा संकेतांक असेल तर क्रमांक भारतातील. ९२ पाकिस्तानचा, ८४ व्हिएतनामचा, ६२ इंडोनेशियाचा. परदेशी कोणी आप्त नसता अशा क्रमांकावरून चुकलेला कॉल दिसला, तर उलट फोन करण्याचे काहीएक कारण नाही.

परंतु क्रमांक हा पुरावा नव्हे. परदेशातून केलेला कॉल भारतीय क्रमांकाचे सोंग घेऊन येऊ शकतो. असे कॉल अडविणारी यंत्रणा केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. तथापि दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेल्या सिमकार्डाचा क्रमांक अस्सल भारतीयच असतो, त्याला ती कशी अडविणार? नाव दाखविणाऱ्या ॲपवरही फार विसंबू नये. तेथील नाव पुष्कळदा लोकांनीच नोंदविलेले असते, आणि भामटा स्वतःस 'बँक व्यवस्थापक' म्हणवून घेण्यास थोडाच लाजणार आहे! राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर संशयित क्रमांक शोधण्याची सोय आहे. ती अवश्य वापरावी. मात्र तेथे तक्रार आढळली नाही, याचा अर्थ एवढाच की अद्याप कोणी तक्रार केलेली नाही. काल घेतलेल्या सिमकार्डाची पाटी कोरीच असावयाची.

तेव्हा पारख करावयाची ती क्रमांकाची नव्हे, बोलण्याची. समजा, एखाद्या पालकास कॉल आला की, मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली असून खात्याच्या पडताळणीसाठी आलेला ओटीपी सांगावा. मुलीचे नाव, इयत्ता, शाळा, सारे बिनचूक सांगितले जाते, आणि पालकाचा विश्वास बसतो. वास्तविक ही माहिती याद्यांतून व व्हॉट्सॲपवरील गटांतून सहज बाहेर जाते. ती ठाऊक असणे ही अधिकाऱ्याची खूण नव्हे. पालकाने फोन ठेवावा आणि शाळेत येऊन विचारावे. कॉल बँकेच्या नावाने असेल तर पासबुकावर अथवा कार्डाच्या पाठीमागे छापलेला क्रमांक स्वतः लावावा. कॉल करणाऱ्याने दिलेला क्रमांक उपयोगाचा नाही, हे उघडच आहे. इंटरनेटवर शोधताच प्रथम दिसणारा 'ग्राहक सेवा' क्रमांकही घेऊ नये, कारण तेथे खोटे क्रमांक मुद्दाम पेरून ठेवलेले असतात. पारावरून पोर धाडीत ते पाहुण्याने दाखविलेल्या घरी नव्हे, गावाला ठाऊक असलेल्या घरी.

खऱ्या कार्यालयास दहा मिनिटांचा विलंब चालतो. भामट्यास तो चालत नाही. "फोन ठेवू नका, घरात कोणास सांगू नका" हे शब्द कानी पडले की आणखी परीक्षेची गरज उरत नाही. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओवर दिसून कोणी 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगेल. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेल्या वृद्ध सहकाऱ्यांच्या कानावर एवढे तरी जरूर घालावे. त्यांची आयुष्यभराची पुंजी एका दुपारात जाऊ शकते. तसेच यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो. आणि कोणी तारांकित ४०१ ने सुरू होणारा संकेत व त्यापुढे एखादा क्रमांक दाबावयास सांगितले तर दाबू नये. त्यायोगे त्या मोबाईलवरील कॉल परस्पर भामट्याकडे वळविले जातात.

पैसे गेलेच, तर मनुष्य प्रथम लपवितो. सुशिक्षितास लाज अधिक, म्हणून तो अधिक काळ लपवितो, आणि तेवढ्या अवधीत रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. अशा वेळी गुरुजींकडे आलेल्या पालकास "एवढेही कळले नाही काय?" असे विचारण्यात वेळ दवडू नये. त्याच्याच मोबाईलवरून १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावून द्यावा. रक्कम, वेळ व व्यवहार क्रमांक जवळ लिहून ठेवावा. बँकेस लगेच कळवावे आणि आलेला एकही संदेश पुसू देऊ नये.